पाऊलवाट : वाळूतला वाटाणा



या खेपेचा विषय मी निवडलेला नाही, तो टपालाने घरी आला. गेल्या उन्हाळ्यात केप कॉडला जाऊन आलेल्या एका वाचक वहिनींनी लिहिलंय : "समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर चक्क मटारचे वेल पसरलेले दिसले. जांभळी फुलं, हिरव्या टपोऱ्या शेंगा. धाकट्याने चार शेंगा सोलून दाणे तोंडात टाकलेसुद्धा. सासूबाई सध्या इकडे आल्या आहेत, त्या म्हणाल्या, अगं, उसळीपुरत्या सहज निघतील! आमचे हे म्हणाले, आधी भाऊजींना विचार. तर हा मटारच का? आणि खाल्ला तर चालतो का?"

वहिनी, तुमच्या ह्यांना माझा नमस्कार सांगा. आधी विचारणारी माणसं हल्ली दुर्मिळ होत चालली आहेत.

तुम्ही पाहिलात तो बहुतेक 'बीच पी'. शास्त्रीय नाव लॅथायरस जॅपोनिकस. तो खरोखरच बीच पी असेल तर चार दाण्यांनी धाकट्याला काही होत नाही, निश्चिंत असा. पण 'असेल तर' हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत आणि आजचा सगळा लेख त्यांच्यासाठीच आहे. कारण त्याच किनाऱ्यावर आणि तिथे जाणाऱ्या त्याच रस्त्याच्या कडेला वाटाण्यासारखी फुलं आणि वाटाण्यासारख्या शेंगा धरणारी आणखी पाच-सहा झाडं उगवतात. त्यांतली काही तोंडात घालायच्या लायकीची नाहीत.

आणि हा प्रश्न इतरांपेक्षा आपल्याला जास्त भेडसावणारा आहे, असं माझं मत आहे. शेजारच्या अमेरिकन मुलांना वाटाणा म्हणजे फ्रीझरमधलं पाकीट, फार तर सॅलडमधला. आपली मुलं मटार सोलायला बसतात आणि निम्मे पोटात घालतात. देशात गेल्यावर मामाच्या शेतात हरभऱ्याचे घाटे झाडावरून तोडून खातात, आणि आपण कौतुकाने फोटो काढतो. शेंग दिसली की सोलायची, हे आपणच त्यांच्या हातांना शिकवलंय. चांगलंच शिकवलंय. फक्त त्याच्या आधी एक पायरी घालायला हवी.

आता ओळख. पहिली सूचना : फुलावर जाऊ नका. वाटाण्याच्या घराण्यातली बहुतेक फुलं एकाच साच्यातून काढल्यासारखी असतात. मागे उभी पताका, दोन बाजूंना दोन पंख, आणि खाली दोन पाकळ्या चिकटून झालेली होडी. तूर घ्या, वाल घ्या, शेवरी घ्या, रचना तीच. रंगाचाही भरवसा नाही. बीच पीचं फूल उमलताना जांभळं-गुलाबी असतं आणि जुनं होताना निळसर होत जातं. एकाच तुऱ्यावर दोन-तीन छटा दिसतात. म्हणून 'जांभळं फूल, मटारसारखं' एवढ्या वर्णनावर कुणी मला फोनवरून नाव विचारलं तर मी सांगत नाही.

मग बघायचं काय? खाली वाकायचं आणि पान जिथे खोडाला जोडलेलं असतं तो सांधा बघायचा. आमच्या कारखान्यात भोक बरोबर मापाचं आहे की नाही हे तपासायला 'गो-नो-गो गेज' वापरतात. एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. चर्चा नाही, अंदाज नाही. बीच पीच्या बाबतीत ते गेज या सांध्यात आहे.

तुम्ही घरी कुंडीत मटार लावला असेल तर आठवा. पानाच्या देठाच्या बुडाशी, खोडाला मिठी मारल्यासारखे दोन मोठे हिरवे पानासारखे भाग असतात. आपण त्यांना पानंच समजतो, पण ती उपपर्णं. बहुतेक झाडांत उपपर्णं टाचणीएवढी असतात किंवा लवकर गळून जातात, त्यामुळे कुणाचं लक्ष जात नाही. बागेतल्या मटारात मात्र ती पानाच्या दलांपेक्षाही मोठी असतात. बीच पीमध्ये ती जवळजवळ दलांएवढी, रुंद आणि बाणाच्या टोकासारखी असतात, खाली दोन्हीकडे कान काढलेली. समुद्रकाठच्या वाळूत पसरलेल्या, वाटाण्यासारख्या वेलाला अशी ठसठशीत, दोन कानांची उपपर्णं दिसली की नव्वद टक्के काम झालं.

उरलेल्या दहा टक्क्यांसाठी पान मोजा. कढीलिंबाची काडी आपण फोडणीत टाकतो, तिच्यावरची दहा-पंधरा 'पानं' ही खरं तर एकाच पानाची दलं असतात, हे शाळेत शिकलेलं असतं आणि सगळेच विसरलेले असतात. बीच पीचं पानही तसंच जोडपान, पण दलं सहा ते बारा, आणि टोकाला दल नसून वेलाचा तणावा असतो, तो स्प्रिंगसारखा धागा. दलं लंबगोल, थोडी जाडसर आणि निळसर राखी झाक असलेली. खारं वारं आणि तापलेली वाळू सोसणाऱ्या झाडांची पानं बऱ्याचदा अशी जाड असतात. खोड कोनदार असतं पण त्याला पट्ट्या नसतात, आणि ते उभं न राहता वाळूवर किंवा शेजारच्या गवतावर लोळत जातं, साधारण हातभर ते मीटरभर. फुलं एका तुऱ्यावर पाच ते दहा. जूनपासून ऑगस्टपर्यंत फुलं आणि शेंगा एकाच वेळी सापडतात. शेंग तीन ते सात सेंटिमीटर. म्हणजे सासूबाईंच्या उसळीला किती सोलाव्या लागतील याचा हिशेब तुम्हीच करा!

आता तोतये. सगळ्यांत जास्त फसवतो तो 'एव्हरलास्टिंग पी', लॅथायरस लॅटिफोलियस. हा मूळचा युरोपातला. बागेत लावण्यासाठी आणला आणि कुंपणाबाहेर पळाला. आता रस्त्याच्या कडेला, रेल्वेच्या भरावावर, समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर गुलाबी फुलांचे गुच्छच्या गुच्छ दिसतात तो हाच. दिसायला बीच पीपेक्षा जास्त देखणा. पण ओळखायला अगदी सोपा. त्याच्या एका पानाला दलं दोनच, आणि खोडाला दोन्ही बाजूंनी हिरव्या चपट्या पट्ट्या, पातळ टेप चिकटवल्यासारख्या. दोन दलं आणि पट्ट्यांचं खोड म्हणजे 'नो-गो'. आपण बागेत सुगंधासाठी लावतो तो स्वीट पी हा याचाच भाऊ, त्यालाही दलं दोन आणि खोड पट्ट्यांचं. या दोघांच्या बिया खायच्या नाहीत. नावात 'पी' आहे म्हणून मुलांचा गैरसमज होतो, तेव्हा बागेत स्वीट पी असेल तर हे घरी आधीच सांगून ठेवा.

दुसरा गट 'व्हेच' मंडळींचा. काऊ व्हेच आणि हेअरी व्हेच शेताच्या बांधावर, हायवेच्या कडेला जांभळी चादर पसरतात. त्यांची दलं बारीक आणि पुष्कळ, एका पानाला सोळा-वीस किंवा जास्तच, आणि फुलं लहान, तुऱ्याच्या एकाच बाजूला दाटीने लोंबणारी. उपपर्णं अगदी छोटी. इथे एक गंमत सांगतो. भिंग असेल तर फुलाची होडी उघडून आतली स्त्रीकेसराची दांडी बघा. बहुतेक व्हेचमध्ये टोकाशी चोहोबाजूंनी केस असतात, बाटली धुवायच्या ब्रशसारखे, आणि लॅथायरसमध्ये फक्त एका बाजूला, दात घासायच्या ब्रशसारखे. एवढं लक्षात ठेवलं तर मोठमोठ्या पुस्तकांतली पानभर तांत्रिक वर्णनं वाचायची गरज नाही.

'क्राऊन व्हेच' हा नावाचाच व्हेच. त्याला तणावे नाहीत, टोकाला एक सुटं दल असतं आणि पांढरी-गुलाबी फुलं मुकुटासारखी गोल मांडलेली असतात. हायवे बांधणाऱ्या खात्यांनी उतारावरची माती धुपू नये म्हणून हा परदेशी वेल मैलोन्मैल लावला. माती धरली, पण आता तो स्थानिक झाडांना दाबून टाकतो. इंजिनीयर लोकांचे उपाय असे पन्नास वर्षांनी नवा प्रश्न होऊन परत येतात. आमच्याच जमातीबद्दल बोलतोय, म्हणून बोलायला हरकत नाही.

वाळूच्या टेकडीवरच उगवणारा आणि इथलाच असलेला एक साथीदारही आहे, 'ट्रेलिंग वाइल्ड बीन'. हा वाटाण्याच्या नव्हे, घेवड्याच्या अंगाचा. पान तीन दलांचं, तणावा नाही, शेंग लांब आणि बारीक. तीन दलं दिसली म्हणजे बीच पी नाही, एवढं पक्कं. आणि तीन दलं दिसली की आणखी एक गोष्ट आठवा : पॉयझन आयव्ही. न्यू इंग्लंडच्या वाळूच्या टेकड्यांवर ती भरपूर आहे, कधी वेल, कधी झुडूप, आणि तिचीही दलं तीनच. वाकून उपपर्णं बघण्याच्या नादात कोपर कशात टेकतोय ते आधी बघा. घरी आल्यावर मुलांच्या पायांवर गोचिडी तपासा. लाइम रोगाला ज्या गावाचं नाव मिळालं ते लाइम इथून जवळच, कनेटिकटमध्ये आहे.

फोनवरच्या ॲपबद्दल दोन शब्द. आमच्या घरची पिढी फोटो काढते, ॲप नाव सांगतं, विषय संपला. ॲपना माझा विरोध नाही, मी स्वतः वापरतो. पण लोक फोटो काढतात फुलाचा, आणि आपण वर पाहिलं की या घराण्यात फूल हाच सगळ्यांत कमी बोलणारा भाग. तेव्हा तीन फोटो काढा : देठाच्या सांध्याचा, एका पूर्ण पानाचा टोकासकट, आणि शेंगेचा. मग ॲपचं उत्तर बरंच सुधारतं. तरीसुद्धा ॲपच्या उत्तरावर काही खाऊ नये. बागेत लावायला, वहीत लिहायला, फेसबुकवर टाकायला ते ठीक आहे.

आता वहिनींच्या प्रश्नाचा दुसरा भाग, खाल्ला तर चालतो का. इथे मला थोडं विदर्भात जावं लागेल.

लॅथायरस हे नाव ऐकलं की माझ्यासारख्या नागपूरकडच्या माणसाचे कान टवकारतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली या धानाच्या मुलखात धान उभं असतानाच त्याच्या पायाशी ओल्या चिखलात लाख पेरतात. कुणी लाखोळी म्हणतं. नांगरट नाही, पाणी नाही, धान कापलं की ही आपली वाढत राहते. आमच्या आजीच्या घरी तिच्या कोवळ्या पानांची भाजी व्हायची. तिची डाळ तुरीच्या डाळीसारखी दिसते, म्हणून भेसळवाल्यांचीही ती लाडकी. तिचं शास्त्रीय नाव लॅथायरस सॅटायव्हस. म्हणजे केप कॉडचा बीच पी हा भंडाऱ्याच्या लाखोळीचा सख्खा चुलत भाऊ आहे, मटारचा फक्त नातेवाईक.

लाखोळीची दुसरी बाजूही तिकडे सगळ्यांना माहीत असते. दुष्काळात इतर काही पिकत नाही पण लाख पिकते, आणि मग गरीब माणूस महिनोन्महिने तीच खातो. तिच्या दाण्यात एक विषारी अमिनो आम्ल असतं. रोजच्या जेवणाचा मोठा भाग सलग दोन-तीन महिने तीच असेल, तर पायांतली ताकद जाते, गुडघे ताठरतात, माणूस काठी टेकत चालतो. ते नुकसान सहसा भरून येत नाही. याला लॅथिरिझम म्हणतात. आयुर्वेदात 'कलायखंज' नावाचा विकार सांगितला आहे, कलाय म्हणजे हे धान्य आणि खंज म्हणजे लंगडा. स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ साली छापलेल्या पुस्तकात सागर भागातल्या अशा साथीचं वर्णन केलंय. भारत सरकारने १९६१ साली लाखेच्या विक्रीवर निर्बंध घातले, आणि पुढे शास्त्रज्ञांनी 'रतन', 'प्रतीक' अशा कमी विषाच्या जाती काढल्या. अधूनमधून वरणात किंवा भाजीत खाणाऱ्यांचं काही बिघडत नाही. बिघडतं ते दुसरं काही खायला नसणाऱ्यांचं.

बीच पीच्या वाट्यालाही असा दुष्काळ आला होता. १५५५ साली इंग्लंडच्या सफोक परगण्यात मोठी टंचाई पडली. तेव्हा ऑर्फर्ड आणि ऑल्डबरा या गावांच्या मधल्या किनाऱ्यावर, जिथे नुसते गोटे आहेत आणि गवतही धड उगवत नाही, तिथे वाटाण्याच्या वेलांनी भरघोस शेंगा धरल्या आणि गोरगरीब त्यावर जगले. जॉन स्टो आणि विल्यम कॅम्डेन या त्या काळच्या इतिहासकारांनी ते लिहून ठेवलंय. लोकांना तो ईश्वरी चमत्कार वाटला. कुणी म्हणालं, फुटलेल्या जहाजातला वाटाणा किनाऱ्याला लागून रुजला. चमत्कार वगैरे काही नसावा. वेल तिथे आधीपासूनच असणार, भुकेल्या माणसांची नजर त्या वर्षी त्याच्यावर पडली एवढंच. ऑर्फर्डच्या त्या गोट्यांवर तो आजही आहे.

अलीकडे १९९९ च्या सुमारास न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात बीच पीच्या दाण्याचं रीतसर पृथक्करण झालं. पिकवता येईल का, खाता येईल का, या दृष्टीने. त्या शोधनिबंधांवर पहिलं नाव चव्हाण असं आहे, हे वाचून मला उगाचच घरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. त्यात आढळलं ते असं की या दाण्यात प्रथिनं बागेतल्या वाटाण्यापेक्षा जास्त आणि पिष्ट कमी.

तेव्हा वहिनी, माझं उत्तर असं. बीच पी माणसांनी खाल्लेला आहे. पण उसळ करू नका. एक म्हणजे घराणं लॅथायरसचं, आणि आपल्या घरी दुष्काळ नाही. दुसरं म्हणजे घरातल्या लहान मुलाला 'हा वेल खायचा, तो खायचा नाही' इतका बारीक फरक पाचव्या वर्षी कळत नाही. त्याला एकच नियम कळतो : आईबाबांना दाखवल्याशिवाय रानातलं काही तोंडात नाही. तुम्ही आज बीच पीची उसळ केलीत तर पुढच्या महिन्यात तो शेजाऱ्यांच्या कुंपणावरचा स्वीट पी सोलेल. तिसरं, केप कॉड नॅशनल सीशोअरच्या हद्दीत, जी १९६१ साली केनेडींच्या सहीने ठरली, झाडं उपटायला आणि फुलं तोडायला मनाई आहे. इलिनॉय आणि व्हरमाँटमध्ये तर बीच पी राज्याच्या संरक्षित यादीत गेलेला आहे. आणि कधी कुणाच्या मुलाने अनोळखी शेंग खाल्लीच, तर इंटरनेटवर शोधत बसू नका. अमेरिकेत पॉयझन कंट्रोलचा नंबर १-८००-२२२-१२२२, चोवीस तास, फुकट. फ्रिजवर लावून ठेवा. फोन करताना झाडाची एक फांदी देठाच्या सांध्यासकट हाताशी असू द्या.

जॅपोनिकस हे नाव अमेरिकेतल्या झाडाला कसं, असं कुणी विचारेल. लिनियसने १७५३ साली याला 'पायसम मॅरिटिमम', म्हणजे चक्क समुद्रकाठचा मटार म्हटलं होतं. वहिनींच्या सासूबाईंना जे वाटलं तेच लिनियसलाही वाटलं होतं, तेव्हा त्यांना कुणी हसू नये. पुढे १८०२ साली विल्डेनोव या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने जपानकडच्या नमुन्याला जॅपोनिकस नाव दिलं, आणि मग कळलं की झाड तेच. जपानी लोक त्याला 'हामा-एंडो' म्हणतात, अर्थ किनाऱ्यावरचा वाटाणा. तो कामचाटकात आहे, अलास्कात आहे, आइसलंडमध्ये आहे, नॉर्वेत आहे, न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आहे, आणि पार खाली चिलीतही आहे. याचं रहस्य बियांत आहे. बी समुद्राच्या पाण्यावर तरंगते आणि पाच वर्षांपर्यंत रुजण्याची ताकद टिकवून धरते. वरचं साल इतकं कठीण की ते लाटांनी वाळूवर घासून पातळ केल्याशिवाय आत पाणी शिरत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सँडब्लास्टिंग झाल्यावरच कोंब फुटतो. म्हणजे बी नेमकी वाळूत पोचल्यावरच जागी होते.

व्हरमाँटचा लेक शँप्लेन तर समुद्रापासून कितीतरी आत. हिमयुगाचा बर्फ वितळल्यावर समुद्राचा एक फाटा तिथपर्यंत शिरला होता. समुद्र मागे गेला, तळं गोडं झालं, वाटाणा वाळूवर तसाच राहिला, असं मानतात.

म्हणून 'नेटिव्ह' हा शब्द इथे नीट समजून घ्यायला हवा. बीच पी जपानचाही नेटिव्ह आणि मॅसॅच्युसेट्सचाही, कारण त्याला कुणी जहाजात घालून आणलं नाही, तो आपला आपण पोचला. त्याच टेकडीवर फुलणारं जाड पानांचं गुलाबी रानगुलाबाचं झुडूप, ज्याचे फोटो केप कॉडच्या प्रत्येक पोस्टकार्डावर असतात, ते मात्र पूर्व आशियातून एकोणिसाव्या शतकात मुद्दाम आणलेलं. पर्यटकांना वाटतं तेच इथलं मूळ झाड. दिसण्यावरून इथला कोण आणि बाहेरचा कोण हे ठरवायला गेलं की असं होतं. याचा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना ग्रोसरी स्टोअरच्या रांगेत कधी ना कधी आलेला आहेच!

आमची सौ. गुहागरची. तिला हा वेल पहिल्यांदा दाखवला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे ही इकडची मर्यादवेल!" झाडं अगदी वेगळी. मर्यादवेल गारवेलीच्या जातीची, आपट्यासारखं दुभंगलेलं पान, जांभळी नरसाळ्यासारखी फुलं. पण काम तेच. भरतीच्या रेषेच्या वर, जिथे दुसरं काही तग धरत नाही तिथे वाळूला धरून ठेवायचं. वाटाण्याच्या घराण्यातलाही एक वेल आपल्या उष्ण किनाऱ्यांवर आहे, अबईची समुद्रकाठची बहीण, तीन दलांची, गुलाबी फुलांची. फ्लोरिडा-टेक्ससच्या वाचकांना तीच तिथल्या वाळूतही भेटेल, तिच्याही बिया तरंगतच फिरतात. कॅलिफोर्नियावाल्यांकडे बीच पी उत्तर भागात आहे, पण त्यांचा खास वेगळाच, 'सिल्की बीच पी'. सगळ्या अंगावर रुपेरी रेशमी लव, त्यामुळे तो कशातही मिसळत नाही.

केप कॉडच्या टोकावर प्रोव्हिन्सटाउन आहे. तिथे आलेल्या वसाहतवाल्यांनी जंगल तोडलं, गुरं चारली, आणि वाळू सुटली. टेकड्या चालत चालत गावाकडे आणि बंदराकडे येऊ लागल्या. अठराव्या शतकातच तोडणीवर आणि चराईवर कायदे करावे लागले, आणि पुढे लोकांनी हाताने ओळीओळीने बीच ग्रास लावलं. थोरो १८४९ साली तिथे पहिल्यांदा पायी फिरला, आणि त्याच्या 'केप कॉड' या पुस्तकात या गवताच्या जोडीला बीच पीचाही उल्लेख आहे. जोडी बरोबरच आहे. गवत वाऱ्याचा वेग तोडतं, वाळू खाली पडते, गवत तिच्यातून वर येतं. बीच पी शेजारी लोळत वाळू झाकतो आणि मुळांवरच्या गाठींमधून नायट्रोजन जमिनीत भरतो. शुद्ध वाळूत खत कुठून येणार? ते हा घालतो.

या जोडीला लाटेपेक्षा माणसाच्या पायाचं भय जास्त. गवताचा बुंधा चार-दोनदा तुडवला गेला की मरतो, तिथे वाऱ्याला फट मिळते आणि पुढच्या वादळात फटीची खिंड होते. म्हणून दोरी बांधलेली असेल तिथून पलीकडे जाऊ नका. फळ्यांच्या वाटेवरूनही बीच पी भरपूर दिसतो. कधी दोरीवर 'पायपिंग प्लोव्हर'ची पाटी असते. हा वाळूच्याच रंगाचा मूठभर पक्षी उघड्या वाळूवर अंडी घालतो, आणि १९८६ पासून अटलांटिक किनाऱ्यावर त्याला कायद्याचं संरक्षण आहे. त्याची अंडी पायाखाली आल्यावरच दिसतात, म्हणून ती दोरी.

घरी लावायचा असेल तर किनाऱ्यावरून उपटून आणू नका, तो जगत नाही आणि गुन्हाही होतो. स्थानिक झाडांच्या नर्सरीतून बी घ्या, बारीक पॉलिशपेपरवर दोन्ही बाजूंनी घासा, रात्रभर पाण्यात भिजवा. फुगलेल्या बिया लावा, न फुगलेल्या परत घासा. खोल कुंडी, निम्म्याहून जास्त वाळू, भरपूर ऊन, आणि खत अजिबात नको.

या उन्हाळ्यात कुणी किनाऱ्यावर गेलात आणि वाटाण्यासारखं काही दिसलं, तर मला जरूर फोटो पाठवा. फुलाचा एक चालेल. उपपर्णांचे दोन हवेत.